डास चावल्यावर मुलाचा हात कोपरापर्यंत सुजतो: हा जंतुसंसर्ग की ॲलर्जी?

प्रश्न | ओसरी

नमस्कार. माझा मुलगा सव्वाचार वर्षांचा आहे. त्याचा जन्म जर्मनीत झाला आणि यंदा मे महिन्याच्या अखेरीस आम्ही सावंतवाडीजवळच्या सासरच्या घरी कायमचे राहायला आलो. घराभोवती नारळी-पोफळीची बाग आहे, मागे विहीर आहे आणि पहिल्या पावसानंतर डास फार वाढले आहेत.

जूनमध्ये एके दिवशी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास तो मागच्या अंगणात खेळत असताना त्याच्या डाव्या हाताला, मनगटाच्या थोडे वर, डास चावला. तो डास मी स्वतः पाहिला. रंगाने काळा आणि पायांवर पांढरे पट्टे असलेला होता. पंधरा-वीस मिनिटांत नेहमीसारखी गांध उठली आणि जेवणाच्या वेळेपर्यंत ती बसलीही. रात्री झोपवताना मात्र तोच भाग पुन्हा लाल दिसू लागला, आणि सकाळी तो उठला तेव्हा मनगटापासून जवळजवळ कोपरापर्यंत हात सुजून टणक आणि गरम झाला होता, मधोमध पाण्याने भरलेला हरभऱ्याएवढा फोड होता आणि अंगात कसर होती. तो रडत नव्हता, पण हात चादरीवर सारखा घासत होता.

आम्ही त्याला जवळच्या दवाखान्यात नेले. तेथे जंतुसंसर्ग म्हणून पाच दिवसांचे अँटिबायोटिक मिळाले आणि चौथ्या दिवशी सूज उतरली. पुढे पंधरा दिवसांनी डोळ्याच्या पापणीवर डास चावला आणि सकाळी तो डोळा उघडेना, पुन्हा अँटिबायोटिक. त्यानंतर घोट्यावर तोच प्रकार झाला. सहा आठवड्यांत तीन वेळा तेच औषध देताना माझा जीव वर-खाली होतो आहे. मोठी मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला फक्त लहान पुळ्या येतात, आणि याच घरात वाढलेल्या माझ्या यजमानांना तर डास चावल्याचे कळतही नाही. सासूबाई मायेने म्हणतात की बाळाचे रक्त गोड आहे.

हा खरोखर जंतुसंसर्ग आहे का, ॲलर्जी असेल तर तिची रक्ततपासणी करावी का, आणि ती पुढे जिवावर बेतू शकते का, हे मला समजून घ्यायचे आहे. आणखी एक गोष्ट लिहून ठेवते: इथे आल्यावर एकदा कोलंबी खाल्ल्यानंतर त्याच्या ओठांभोवती पित्त उठले होते. त्याचा याच्याशी काही संबंध असेल का?

उत्तर | तालुक्याचा डॉक्टर

ताई, मी बालरोगतज्ज्ञ आहे. पण मुलाला प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, त्यामुळे पुढचे सगळे तुमच्या डॉक्टरांशी बोलण्यासाठीची तयारी म्हणून वाचावे.

तुमच्या वर्णनातील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे तुम्ही नोंदवलेली वेळ. संध्याकाळी साडेपाचला डास चावला आणि सकाळपर्यंत हात सुजला, म्हणजे मध्ये बारा-चौदा तासच गेले. त्वचेखाली जंतू शिरून पसरतात त्या आजाराला आम्ही सेल्युलायटिस म्हणतो. त्यात आधी खाजवून त्वचा फुटावी लागते, मग त्या जखमेतून जंतू आत जाऊन वाढावे लागतात, आणि याला बहुधा दोन-तीन दिवस किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. डासाच्या लाळेला शरीराने दिलेली मोठी प्रतिक्रिया मात्र काही तासांतच दिसू लागते. दुसरी खूण खाजेची. ॲलर्जीच्या सुजेत मूल खाजवते, घासते, पण हात लावू देते; जंतुसंसर्गात दुखणे पुढे असते, मूल हात जवळ घेऊन बसते आणि कोणाला शिवू देत नाही. तुमचा मुलगा हात चादरीवर घासत होता, हे तुम्ही लिहिले ते बरे केले.

लाली, सूज आणि उष्णता या तिन्ही गोष्टी दोन्हींत सारख्याच दिसतात. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मूल समोर आले आणि डास कधी चावला हे कोणी सांगितले नाही, तर अनुभवी डॉक्टरचाही गोंधळ होतो. अँटिबायोटिक ‘लागू पडले’ असे वाटण्याचे कारणही वेळेतच आहे. अशी मोठी सूज साधारण तीन ते दहा दिवसांत आपोआप उतरते आणि औषधाचा कोर्स नेमका त्याच काळात संपतो, म्हणून श्रेय औषधाला मिळते. गरज नसताना घेतलेल्या अँटिबायोटिकने मुलाचे पोट बिघडते आणि जंतू औषधाला दाद देईनासे होतात, त्यामुळे चौथ्या वेळी सुरू करण्याआधी हा प्रश्न डॉक्टरांना थेट विचारावा.

पुढच्या वेळी सूज दिसली की साध्या बॉलपेनने तिच्या कडेने रेघ मारा आणि रेघेजवळ वेळ लिहा. दोन दिवसांनंतरही लाली रेघेबाहेर सरकत असेल, दुखणे वाढत असेल, ताप चढत असेल, पू दिसत असेल किंवा सुजेपासून वर काखेकडे लाल रेघ जात असेल, तर तो जंतुसंसर्ग समजून लगेच दाखवावे. खाजवून फोड फुटला की ॲलर्जीच्या सुजेवरही संसर्ग बसू शकतो.

जिवावर बेतण्याबद्दल सांगायचे, तर सूज कितीही मोठी असली तरी ती एकाच जागी असेल तोवर घाबरू नये. डासामुळे सर्वांगाची तीव्र ॲलर्जी होणे फार विरळ आहे. तरीही डास चावल्यावर काही मिनिटांत अंगभर पित्त उठले, ओठ किंवा जीभ सुजली, आवाज बसला, श्वासाला घरघर लागली, उलट्या झाल्या किंवा मूल मलूल पडले, तर घरी गोळी देत बसू नये. तेव्हा ॲड्रिनलिनचे इंजेक्शन लागते आणि ते रुग्णालयातच मिळेल. याशिवाय दर वेळी कडक ताप येऊन चाव्याची जागा काळी पडत असेल आणि जखम होऊन व्रण राहत असेल, तर रक्ताची सविस्तर तपासणी हवी. जपान, कोरिया, तैवान या भागांत एपस्टीन-बार विषाणूशी निगडित असा डासाच्या प्रतिक्रियेचा एक दुर्मीळ प्रकार आढळतो. तुमच्या वर्णनात तसे काहीही नाही.

पावसाळ्यात तापाकडे मात्र दुर्लक्ष नको. सुजेबरोबरची कसर त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी असते. डेंग्यूचा ताप डास चावल्यानंतर साधारण चार ते दहा दिवसांनी येतो आणि मलेरियाला त्याहून जास्त दिवस लागू शकतात. सूज उतरल्यानंतर नव्याने आलेला ताप हा वेगळा ताप समजावा, रक्त तपासावे, आणि तोपर्यंत पॅरासिटामॉलशिवाय दुसरे तापाचे औषध मनाने देऊ नये.

उत्तर | प्राणिशास्त्र

मी महाविद्यालयात सव्वीस वर्षे प्राणिशास्त्र शिकवले. डॉक्टरसाहेबांनी वैद्यकीय बाजू मांडली आहेच. त्यामागची यंत्रणा मला लिहावीशी वाटते, कारण ‘रक्त गोड’ या समजुतीचे उत्तर त्यातच आहे.

चावते ती फक्त मादी, कारण तिला अंडी वाढवण्यासाठी रक्तातली प्रथिने लागतात. जी एक सोंड दिसते ती प्रत्यक्षात सहा बारीक सुयांची जुडी असते; त्यांतल्या एका नळीतून रक्त वर ओढले जाते आणि दुसऱ्या बारीक नळीतून लाळ त्वचेत सोडली जाते. त्वचेला छिद्र पडताच आपले शरीर ते बुजवू लागते: रक्तातल्या बिंबिका (प्लेटलेट्स) गोळा होतात, रक्तवाहिनी आकसते, रक्त गोठू लागते. मादीला मिनिटा-दोन मिनिटांत पोट भरून उडून जायचे असते, म्हणून तिच्या लाळेत या तिन्ही गोष्टी रोखणारी प्रथिने आहेत. एडिस इजिप्ती या डासाच्या लाळेतले अपायरेज नावाचे विकर (एन्झाइम) बिंबिकांना बोलावणारा रासायनिक निरोपच तोडून टाकते. डी-सेव्हन या गटातली प्रथिने तर त्वचेत पाझरलेली हिस्टामिन आणि सेरोटोनिन ही खाज-सूज आणणारी रसायने शोषून धरतात, त्यामुळे चावा घेत असताना आपल्याला तो जाणवत नाही. हीच दोन्ही प्रथिने ॲलर्जी निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या यादीत ‘एड ए १’ आणि ‘एड ए २’ या नावांनी नोंदलेली आहेत. ज्या हत्यारांनी डास आपले रक्त वाहते ठेवतो, तीच आपले शरीर परकी म्हणून ओळखते.

ही ओळख दोन मार्गांनी होते. पहिला मार्ग आयजीई या प्रतिपिंडांचा (अँटिबॉडींचा) आहे. हे प्रतिपिंड त्वचेतल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतात; पुन्हा तेच प्रथिन आले की त्या पेशी हिस्टामिन सोडतात आणि वीस-तीस मिनिटांत गांध उठते. दुसरा मार्ग टी-लसीका पेशींचा, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा आहे. त्या सावकाश गोळा होतात, म्हणून दुसरी, टणक, खाजणारी पुळी चोवीस ते छत्तीस तासांनी ऐन भरात येते आणि आठवडाभर टिकते. ताईंनी लिहिले आहे की गांध आधी बसली आणि रात्री तोच भाग पुन्हा लाल झाला. तो याच दोन मार्गांचा क्रम आहे. या बाळाच्या बाबतीत दुसरी पायरी लवकर सुरू होते आणि फार मोठी होते, इतकेच.

आता एकाच घरात तीन माणसांची तीन तऱ्हा का, ते पाहू. ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ केनेथ मेलनबी यांनी 1946 मध्ये असे दाखवले की डासांशी नव्याने गाठ पडलेल्या माणसाचे शरीर ठरावीक टप्प्यांतून जाते. सुरुवातीच्या चाव्यांना काहीच होत नाही. मग फक्त उशिराची पुळी येते. पुढे तात्काळ गांध आणि उशिराची पुळी असे दोन्ही होते. आणखी काळाने फक्त गांध उरते. आणि सतत चावे बसत राहिले तर शेवटी काहीच उठत नाही. सहनशीलता वाढत जाते तसा आयजीजी-४ या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिपिंडांचाही त्यात वाटा असावा असे मानले जाते. ताईंचे यजमान बालपणापासून त्याच बागेत वाढल्यामुळे शेवटच्या टप्प्यावर आहेत आणि बाळ तिसऱ्या टप्प्यात आहे. शिवाय डासांच्या जातींमध्ये काही प्रथिने समान असली तरी काही निरनिराळी असतात, त्यामुळे एका प्रदेशाची सवय झालेल्या शरीराला दुसऱ्या प्रदेशातले डास नवेच वाटू शकतात.

डास कोणाला किती वेळा चावतो हे श्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब आणि त्वचेचा वास यांवर ठरते. चावल्यावर किती सुजते हे चावा घेणाऱ्या डासावर कमी आणि चावून घेणाऱ्याच्या प्रतिकारशक्तीवर अधिक अवलंबून असते. या दोन गोष्टी स्वतंत्र आहेत. बहिणीला त्याच्याइतकेच डास चावत असतील. तिच्या अंगावर ते तितके दिसत नाहीत. सासूबाईंना हे जरूर सांगावे, कारण ‘रक्त गोड’पासून ‘रक्त खराब’पर्यंत बोलणे पोहोचायला वेळ लागत नाही आणि मग रक्तशुद्धीची नको ती औषधे मुलाच्या पोटात जातात.

काळ्या अंगावरचे पांढरे पट्टे एडिसचेच. बागायतीत बहुधा एडिस अल्बोपिक्टस ही जात असते. तो दिवसा, विशेषतः सकाळी आणि दिवेलागणीच्या आधी चावतो, त्यामुळे फक्त रात्रीची मच्छरदाणी पुरणार नाही.

उत्तर | विनिपेगकर

मी कॅनडातल्या विनिपेगमध्ये राहतो. येथे सहा महिने बर्फ असते, पण जून-जुलैत डास इतके असतात की महापालिका ठिकठिकाणी सापळे लावून त्यांची मोजणी करते. लहान मुलांच्या या प्रतिक्रियेला ‘स्कीटर सिंड्रोम’ हे नाव याच शहरातून मिळाले. स्कीटर हा येथला डासासाठीचा बोलीतला शब्द आहे. एस्टेल सायमन्स आणि झिकांग पेंग यांनी 1999 मध्ये पाच निरोगी मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. डास चावल्यावर काही तासांत त्यांना मोठी सूज आणि ताप आला होता आणि वरून पाहता तो जंतुसंसर्गच वाटत होता. रक्तात मात्र डासाच्या लाळेविरुद्धचे प्रतिपिंड सापडले.

माझ्या मुलीच्या तिसऱ्या उन्हाळ्यात तिचा घोटा इतका सुजला की बूट चढेना, आणि ज्या भीतीने ओसरीताईंनी लिहिले आहे ती मी ओळखतो. ती आता आठ वर्षांची आहे. दर वर्षी गाठी लहान होत गेल्या. हिवाळ्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात अजूनही थोड्या मोठ्या येतात, पण तिने त्याबद्दल बोलणेही सोडून दिले आहे.

ओसरी

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. तपासणी आणि कोलंबीबद्दल अजून विचारायचे आहे. शिवाय घरात चुना लावतात, कोणी दुकानातून ‘खाजेची ट्यूब’ आणून लावायला सांगते. सेटिरिझिन हे ॲलर्जीचे औषध रोज दिले तर चालेल का?

उत्तर | तालुक्याचा डॉक्टर

कोलंबीचा मुद्दा तुम्ही काढलात ते फार चांगले झाले. कोलंबी, घरातल्या धुळीतले कीटक आणि डास या तिघांच्या स्नायूंमध्ये ट्रोपोमायोसिन नावाचे एकमेकांशी बरेच जुळणारे प्रथिन असते. डास चावतो तेव्हा लाळ आत जाते, स्नायू नव्हे. परंतु ॲलर्जीच्या तपासणीसाठी मिळणारा डासाचा अर्क बहुतेक वेळा अख्खा डास वाटून केलेला असतो, म्हणून कोलंबीची ॲलर्जी असलेल्या मुलाची डासाची तपासणी निव्वळ या साम्यामुळे ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकते. उलट, त्या अर्कात लाळ अगदी थोडी असल्याने खरी ॲलर्जी निसटूही शकते. निदान इतिहासावरच होते आणि तो तुम्ही उत्तम नोंदवला आहे. डासाच्या तपासणीवर मी पैसे खर्च करायला सांगणार नाही. कोलंबीचे मात्र वेगळे आहे. ओठांभोवती पित्त उठणे ही अन्नाच्या ॲलर्जीची खूण असू शकते, म्हणून ॲलर्जीतज्ज्ञांना दाखवेपर्यंत त्याला कोलंबी, कुर्ल्या, शेवंड यांतले काहीही देऊ नये.

सेटिरिझिनसारखे औषध डास चावण्याआधी घेतले तर गांध आणि खाज दोन्ही कमी होतात, हे फिनलंडमधल्या अभ्यासांत दिसले आहे. ऐन पावसाळ्यातले काही आठवडे ते रोज देण्याचा विचार करता येतो, पण मात्रा वजनावर ठरते, म्हणून ती डॉक्टरांकडूनच घ्यावी. एरवी सूज आली की ओल्या फडक्यात बर्फ गुंडाळून दहा मिनिटे धरावा, हात उशीवर उंच ठेवावा, कॅलामाइन लावावे आणि नखे कापून ठेवावीत. चुना लावू नये; तो दाहक आहे आणि मुलाची त्वचा भाजते.

दुकानातल्या ट्यूबबद्दल कळकळीने सांगतो. खाजेची म्हणून सहज हातात दिल्या जाणाऱ्या अनेक मलमांत जोरदार स्टेरॉइड, बुरशीचे औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असते. त्यांनी खाज लगेच थांबते खरी, पण चेहऱ्याची आणि पापणीची कातडी पातळ होते आणि नायटा असेल तर तो झाकला जाऊन पसरतो. सौम्य हायड्रोकॉर्टिसोन हातापायाच्या सुजेवर दोन-तीन दिवस लावता येते, तेही विचारून, पापणीवर नाहीच.

उत्तर | कुळागर

मी गोव्यात, सत्तरीत राहतो आणि आमचीही पोफळीची बाग आहे. पाण्याची टाकी, पिंप सगळे जण झाकतात, पण बागेत एडिस वाढतो तो करवंटीत आणि पोफळीच्या गळून पडलेल्या विरीत, म्हणजे झावळीच्या बुडाच्या रुंद आवरणात. विरी पन्हळीसारखी वळलेली असते; पावसाच्या एका सरीने तिच्यात पेलाभर पाणी साठते आणि साधारण आठवडा-दहा दिवसांत त्यातून डास उडतात. उचलून पाहिली तर त्या पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या सहज दिसतात. आम्ही दर रविवारी बागेत फिरून विऱ्या गोळा करतो आणि करवंट्या पालथ्या घालतो. पिंपे नुसती रिकामी न करता आतून घासून घ्यावीत, कारण एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडी पडली तरी काही महिने तग धरतात.

मुलाला दुपारी चारनंतर लांब बाह्यांचा सुती सदरा आणि पायजमा घालावा, आणि उघड्या राहणाऱ्या भागावर डास पळवणारे क्रीम लावावे. तळहातांना मात्र लावू नये, कारण मुले हात तोंडात घालतात.

ओसरी

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. आम्ही आमच्या डॉक्टरांकडे वेळांच्या नोंदी घेऊन गेलो. त्यांनी शांतपणे वाचल्या, ॲलर्जी हेच निदान मान्य केले आणि सेटिरिझिन वजनानुसार सुरू केले. कोलंबीसाठी पुढच्या महिन्यात ॲलर्जीतज्ज्ञांची वेळ मिळाली आहे.

बागेतून पहिल्याच रविवारी दोन घमेली भरून विऱ्या निघाल्या. सासूबाई स्वतः बरोबर होत्या, आणि एका विरीतल्या अळ्या पाहिल्यावर आता त्याच सगळ्यांना उठवतात.

गेल्या मंगळवारी त्याला पोटरीवर डास चावला. रात्री नऊला मी निळ्या पेनने रेघ मारली आणि ‘९’ लिहिले. सकाळी लाली रेघेच्या बाहेर बोटभर गेली होती, म्हणून दुसरी रेघ मारली. संध्याकाळी ती दुसऱ्या रेघेपाशीच होती, गुरुवारी पहिल्या रेघेच्या आत आली आणि शनिवारी पायावर फक्त दोन निळी वर्तुळे उरली. या वेळी ताप आला नाही आणि अँटिबायोटिक दिले नाही.